सर्व्हर : स्वतःचा की भाड्याचा?

परवा एका मित्राचा फोन आला. पुण्यात तिघांचं छोटं स्टार्टअप आहे त्याचं. म्हणाला, "अरे, दर महिन्याला सर्व्हरचं भाडं भरतोय आणि हातात काहीच उरत नाही. त्यापेक्षा स्वतःचा सर्व्हर घेतो आणि महापेच्या डेटा सेंटरमध्ये कोलोकेशनला टाकतो. दोन वर्षांत पैसे वसूल!" बँकेत त्यांचे सहा लाख, त्यातले चार यात घालायचा बेत. मी म्हटलं, थांब, रविवारी निवांत लिहून पाठवतो. तेच इथे टाकतोय.

आधी फरक. डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे अख्खं मशीन भाड्याने. मशीन त्यांचं, वीज त्यांची, डिस्क उडाली तर नवी डिस्कही त्यांची. कोलोकेशन म्हणजे मशीन आपलं. रॅकमधली एक-दोन 'यू' जागा (एक यू म्हणजे पावणेदोन इंच उंची), वीज, कूलिंग आणि नेटवर्क त्यांचं. मशीनच्या आत जे बिघडेल ते आपलं आपण निस्तरायचं.

गंमत अशी की आपण मराठी माणसं हा प्रश्न फ्लॅटसारखा सोडवायला बघतो. भाडं म्हणजे पैसे पाण्यात, हप्ता म्हणजे गुंतवणूक! पण फ्लॅटची किंमत वाढते, निदान तशी आशा तरी असते. सर्व्हरची फक्त उतरते. आयकराच्या हिशोबातसुद्धा कॉम्प्युटरला वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, तो उगाच नाही.

आता हिशोब. समजा सर्व्हर ४ लाखांना पडला आणि कोलोकेशनला महिना ९ हजार. तशाच मशीनचं भाडं २० हजार. महिन्याला ११ हजार वाचले, म्हणजे ४ लाख वसूल व्हायला ३६ महिने. आता त्यात सुट्या भागांचे ६० हजार धरा : दोन डिस्क, एक पॉवर सप्लाय, थोडी रॅम. झाले ४२ महिने. वॉरंटी समजा तीन वर्षांची. म्हणजे फायदा सुरू होण्याआधीच वॉरंटी संपलेली!

आणि या हिशोबात माणसाचा वेळ कुठेच नाही. तो किती लागतो हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी आमचा एक सर्व्हर असाच नवी मुंबईत होता. जुलै महिना, शनिवारची रात्र, रेडमधली एक डिस्क गेली. वॉरंटी होती, पण 'पुढच्या कामकाजाच्या दिवशी'वाली, म्हणजे सोमवारी. डेटा सेंटरचा माणूस तासावर पैसे घेऊन डिस्क बदलून द्यायला तयार होता, पण जादा डिस्क कुठे? कोथरूडला, माझ्या कपाटात! भर पावसात एक्सप्रेसवेने तीन तास गाडी हाणली. वाटेत एकच धाकधूक, दुसरी डिस्क तेवढ्यात गेली तर? गेली नाही, नशीब. भाड्याच्या सर्व्हरवर हेच झालं असतं तर मी एक तिकीट टाकून झोपलो असतो.

माझ्या मते भाडं हे मशीनचं नसतंच. ते कुणीतरी आपल्यासाठी भरून ठेवलेल्या सुट्या भागांच्या कपाटाचं आणि तिथे रात्रपाळीला बसलेल्या माणसाचं असतं. एका सर्व्हरसाठी ते कपाट आपण भरणं परवडत नाही. वीस सर्व्हर असतील तर तेच कपाट सगळ्यांना पुरतं आणि गणित उलटं फिरतं.

लगेच कुणीतरी थर्टीसेव्हन सिग्नल्सचं उदाहरण देईल. बरोबर आहे. २०२२ मध्ये त्यांनी क्लाउड सोडायचं जाहीर केलं, २०२३ मध्ये सहा-सात लाख डॉलरचे डेलचे सर्व्हर घेतले आणि भरपूर पैसे वाचवले. पण त्यांचं क्लाउडचं वर्षाचं बिल ३२ लाख डॉलर होतं, लोड ठाऊक होता आणि यंत्रणा सांभाळणारी टीम आधीपासून पगारावर होती. आपल्याकडे ती टीम म्हणजे रात्री फोन उचलणारा एकटा तू!

मग स्वतःचा सर्व्हर कधी घ्यावा? लोड वर्ष-दोन वर्षं स्थिर असेल तेव्हा. डिस्क किंवा रॅम इतकी लागत असेल की भाड्यात ती फारच महाग पडते, तेव्हा. मशीन उघडू शकणारी किमान दोन माणसं असतील आणि सुटे भाग डेटा सेंटरमध्येच ठेवता येत असतील, तेव्हा. यातलं एकही नसेल तर भाडं भर आणि वाईट वाटून घेऊ नकोस.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी : बॅकअप आपलाच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचचं पाच मजली डेटा सेंटर जळून खाक झालं. 'रस्ट' या ऑनलाइन खेळाचे २५ सर्व्हर त्यात गेले आणि त्यांवरचा डेटा परत मिळालाच नाही. आग लागते तेव्हा मशीन कुणाच्या मालकीचं हे ती विचारत नाही. बॅकअप दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या शहरात हवा.

तर मित्रा, ते चार लाख बँकेतच राहू दे. एखादं मोठं गिऱ्हाईक पैसे द्यायला उशीर करेल तेव्हा त्यातूनच पगार होतील. रॅकमधल्या डब्यातून पगार काढता येत नाहीत.

असो. तो अजून पूर्ण पटलेला नाही. तुमच्यापैकी कुणी एकच सर्व्हर कोलोकेशनला ठेवून सुखात असाल, तर जरूर सांगा. मलाही ऐकायचंय.