बंदुकीचा आवाज कोणाच्या कामाचा?

सायलेन्सर म्हटले की आपल्याला बुलेट आठवते. तो बदलून फटाके फोडीत महामार्गावरून जाणारे वीर सोनगीरला नवे नाहीत. मी मात्र लिहितो आहे तो बंदुकीच्या नळीला बसवावयाच्या सायलेन्सरविषयी. १९०९ साली त्याचे पेटंट घेणारा अमेरिकेचा हायरम पर्सी मॅक्झिम. आणि गंमत अशी की याच्या बापाने मॅक्झिम मशीनगन बनविली व तिच्या धडाक्याने तो स्वतः बहिरा झाला!

विषय आज निघण्याचे कारण अमेरिकाच आहे. तेथे १९३४ च्या कायद्याने प्रत्येक सायलेन्सरवर २०० डॉलर कर होता. २०२५ साली झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला. नोंदणीही काढून टाकावी असा काहींचा डाव होता, तो सेनेटच्या नियमांत अडकला. आपल्या वर्गातही ‘कानाच्या आरोग्याचा प्रश्न आहे, आपल्याकडेही मोकळीक हवी’ असे म्हणणारे मित्र भेटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांचे म्हणणे खोटे नाही. बंदुकीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो व कान निकामी करू शकतो. सायलेन्सरने त्यातले वीस-तीस डेसिबल कमी होतात. चित्रपटात ऐकू येते तसे ‘फुस्स’ काही होत नाही. नॉर्वेत शिकाऱ्याला तो सहज मिळतो आणि त्यामुळे तो देश बुडालेला नाही.

पण कानाचीच काळजी असेल तर सोनगीरच्या तांबट कारागिरांचे काय? तांब्या-पितळेच्या भांड्यांवर जन्मभर हातोडा चालविणाऱ्या माणसाला उतारवयात दोनदा हाक मारावी लागते. त्याच्या कानासाठी कोणी विधेयक मांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आणि बंदूकवाल्याला कानात बोळे घालण्यास कोणी मनाई केली आहे?

आपला १९५९ चा शस्त्र कायदा याबाबत फार शहाणा आहे, असे मला वाटते. त्याच्या कलम २ मध्ये ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच आवाज किंवा झोत कमी करणारे साधन धरले आहे. म्हणजे बंदूक सोबत नसली, नुसता तो तुकडा पिशवीत सापडला, तरी परवाना विचारता येतो. ते शब्द वगळले तर तो तुकडा आणि पाण्याच्या पाइपाचा तुकडा पोलिसाला सारखाच.

हे आपल्याकडे पुस्तकी नाही. चोपडा तालुक्याच्या हद्दीला लागून, मध्य प्रदेशच्या बडवाणी जिल्ह्यात उमर्टी हे गाव आहे. गावठी कट्टे तेथून निघून कोठवर जातात, ते वर्तमानपत्र वाचणाऱ्यास सांगावयास नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या पोलिसांनी एवढ्या लांब येऊन तेथील भट्ट्या मोडल्या. नळी घडविणाऱ्या हातांना सायलेन्सर घडविणे किती अवघड जाईल?

‘मग आवाज तर उरतोच ना?’ असे मित्र विचारतात. उरतो, पण तो कशाचा आणि कोणत्या बाजूने आला, हे दोन गल्ल्यांपलीकडे उमगत नाही. वादाची खरी मेख येथे आहे. या विषयावर बोलणारे बहुतेक बंदूक हातात असलेल्याच्या बाजूने बोलतात. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी बंदूक धरलेली नाही. आमच्यासारख्यांचा तिच्याशी संबंध एवढाच, की रात्री बार ऐकू आला तर दिवा लावावयाचा, शेजाऱ्याला उठवावयाचे आणि फोन करावयाचा. लग्नाच्या वरातीत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे. तो गुन्हाही पुष्कळदा आधी कानांनाच कळतो.

शिकाऱ्याच्या कानाची सोय आणि गावाला मिळणारी ही वर्दी, यांत मला निवड करावयाची झाली तर मी वर्दी निवडीन. वर्गातल्या मित्रांनी याला पुढच्या अंकात जरूर उत्तर द्यावे.