‘फुकट वॉशिंग’ची किंमत : सर्व्हिसिंगहून गाडी ओरखडे घेऊन आली, तर काय करायचं?

सर्व्हिसिंगला दिलेली गाडी संध्याकाळी ताब्यात मिळते. शेडमधल्या दिव्यांखाली ती आरशासारखी चमकत असते, टायर काळेभोर दिसतात, आत अत्तराचा वास. बिल भरायचं, दाखवतील तिथं सही करायची आणि अंधार पडायच्या आत गाव गाठायचं, अशी आपली घाई असते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बोनेटवर ऊन पडतं आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसायला लागतात. फोन केला तर उत्तर ठरलेलं, “दादा, आधीच्याच असतील. तुमच्याकडं रस्ते कच्चे, धूळ लय.”

इथं बहुतेकांचं बोलणं खुंटतं, कारण रेषा आधीच्या की कालच्या हे दाखवायला हातात काहीच नसतं. शोरूम चाळीस-पन्नास किलोमीटर लांब. परत जायचं म्हटलं तर डिझेल जातं आणि कामाचा दिवसही बुडतो. मग ‘जाऊ दे’ म्हणून विषय संपतो.

विषय आताच का घ्यायचा? २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेपासून, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. गाडी आवाक्यात आली म्हणून पहिल्यांदाच चारचाकी घेणारी कुटुंबंही वाढणार. या गाड्या सुरुवातीच्या सर्व्हिसिंगला पुन्हा त्याच शोरूमच्या दारात जातात. म्हणजे धुताना काय होतं, हे आता जास्त घरांनी माहीत करून घ्यायची गोष्ट झाली आहे.

ओरखडे पडतात कसे?

गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. बहुतेक गाड्यांत त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे सगळी चमक ज्याच्यावर आहे, तो थर डोक्यावरच्या केसाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. आपल्या रस्त्यावरच्या धुळीतला वाळूचा कण त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. धूळ पाण्यानं पुरती सुटण्याआधीच फडकं फिरलं, की ते फडकं पॉलिश पेपरचं काम करतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये गर्दीच्या दिवशी एकामागून एक गाड्या धुवायच्या असतात. एकच बादली, एकच फडकं. तेच फडकं आधी चाकाला, मग दाराला. खाली पडलं तर उचलून तसंच पुढं. पुसणाऱ्या पोराच्या मागं वेळेचा तगादा असतो आणि त्याला हे काम नीट कुणी शिवलेलं नसतं, शिकवलेलं तर नसतंच. त्यामुळे दोष एकट्या त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. जबाबदारी ते काम लावणाऱ्या शोरूमची आहे.

नवी गाडीही यातून सुटत नाही. यार्डात उभ्या गाडीवर धूळ बसते. दसरा, पाडवा, धनत्रयोदशीला मुहूर्तावर डिलिव्हरी द्यायची असते, तेव्हा ती कोरड्या फडक्यानं झटकली जाते. हार-पेढ्यांच्या गडबडीत बोनेटकडं निरखून बघणार कोण?

नुकसान फक्त दिसण्याचं नाही

बारीक रेषांनी गाडी बंद पडत नाही, हे खरं. पण निष्काळजी धुण्याचे काही परिणाम थेट जिवाशी येतात.

टायर काळे दिसावेत म्हणून लावलेलं पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर गेलं, तर पकड कमी होते. दुचाकीच्या बाबतीत तर पहिल्याच वळणावर घसरायची भीती. डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश स्टिअरिंगला किंवा ब्रेकच्या पायट्याला लागलं, तर हात-पाय सटकतो. बोनेट उघडून प्रेशरचं पाणी मारलं, तर फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांत पाणी शिरू शकतं. गाडी शोरूममधून नीट निघते आणि वाटेत इंजिनचा पिवळा दिवा लागतो, त्यामागं कधी कधी हेच कारण असतं. काही ठिकाणी खालच्या बाजूला डिझेल किंवा जुनं तेल फवारायची पद्धत आहे. त्यानं खालचे रबरी बुश फुगून लवकर खराब होतात.

शिवाय पाण्याचे डाग. बोअरचं क्षाराचं पाणी उन्हात गाडीवर वाळलं, की पांढरे ठिपके उमटतात. ते वेळेत निघाले नाहीत तर क्लिअर कोटमध्ये उतरतात आणि मग साध्या धुण्यानं जात नाहीत.

आधी नुकसान ओळखा

गाडी सावलीत पार धुऊन वाळवा, मग उन्हात उभी करा किंवा रात्री मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. रेघेवरून हळूच नख फिरवा. नख अडकलं नाही, तर ओरखडा वरवरचा आहे आणि मशीनच्या पॉलिशनं बहुतेक वेळा जातो. नख अडकलं, तर तो खोल आहे आणि पॉलिशनं पूर्ण जाणार नाही.

पांढऱ्या डागांसाठी साधा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करा. गाडी थंड असताना, सावलीत, मऊ कापडानं डागावर लावा. मिनिटभरात भरपूर पाण्यानं धुऊन टाका. टूथपेस्ट, राख, भांडी घासायची घासणी, रॉकेल हे प्रयोग नकोत. एक डाग जाईल आणि दहा रेघा येतील.

पॉलिश म्हणजे काय, हेही समजून घेतलं पाहिजे. वरचा थर किंचित घासून रेघेच्या तळापर्यंत आणणं, म्हणजे पॉलिश. मुळात पातळ असलेला थर दर वेळी आणखी पातळ होतो. म्हणून हा उपाय वर्षातून चार वेळा करायचा नाही.

शोरूमनं चूक मान्य केली, तर दोन गोष्टी सांभाळा. एक, रेघा बुजवणारं नुसतं क्रीम लावून गाडी चमकवून दिली जाऊ शकते. दोन-चार वेळा धुतलं की रेघा परत वर येतात. म्हणून “घरी दोनदा धुऊन बघतो, मगच तक्रार मिटली असं लिहून देतो,” असं स्पष्ट सांगा. जुनी गाडी विकत घेतानाही हीच खबरदारी घ्या. दुसरं, बारीक रेघांसाठी अख्खं दार किंवा बोनेट नव्यानं रंगवून घ्यायला पटकन हो म्हणू नका. कारखान्यातला रंग मोठ्या भट्टीत जास्त तापमानाला पक्का केलेला असतो, गॅरेजमध्ये तसा होत नाही. पुढं गाडी विकताना रंगकाम दिसलं की गिऱ्हाईक ‘ठोकलेली दिसतेय’ म्हणून भाव पाडतं.

आणि ज्यांच्याकडून ओरखडे पडले, त्यांनीच वर ‘कोटिंग करून घ्या’ म्हणून हजारो रुपये सांगितले, तर आधी नुकसानाचा निकाल लावा, मग कोटिंगचं बोला.

भांडण पुराव्यावर जिंकता येतं

शोरूमवाले म्हणतात, “आधीच्या असतील.” कधी कधी ते खरंही असतं. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडीवरची धूळ झटकणारे आपल्यातही कमी नाहीत, आणि त्यानंही याच रेघा पडतात. म्हणूनच गाडी देतानाची स्थिती नोंदवून ठेवणं हाच सगळ्यात मोठा उपाय आहे. त्याला खर्च नाही, फक्त पाच मिनिटं लागतात.

गाडी देण्याआधी घरी ती स्वच्छ धुऊन घ्या. शोरूमच्या आवारात, उन्हात, सर्व्हिस अॅडव्हायझरच्या समोर चारही बाजूंनी मोबाईलवर व्हिडिओ करा. किलोमीटरचा आकडा आणि नंबर प्लेट त्यात येऊ द्या. आधीचे ओरखडे असतील तर ते जॉब कार्डवर लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. परत घेताना शेडमध्ये नाही, तर उजेडात गाडी बघा. काही दिसलं तर सही करण्याआधी त्याच कागदावर लिहा. ‘समाधान झाले’ अशा ओळीखाली न वाचता सही करू नका.

यापेक्षाही सोपा मार्ग आहे. जॉब कार्डवर ठळक लिहून घ्या : “वॉशिंग करू नये. बोनेटखाली पाणी मारू नये.” गाडी धुळकट परत मिळेल, पण रंग शाबूत राहील.

तोंडी सांगून भागलं नाही तर मॅनेजरला फोटोंसह ईमेल किंवा व्हॉट्सअॅप करा. त्यानंतर गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडं लेखी तक्रार करा. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथं मराठीतही बोलता येतं.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथं राहता, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी अडत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ‘वॉशिंग फुकट होतं’ असं समोरून म्हटलं जाऊ शकतं. पण सर्व्हिसिंगचं बिल तुम्ही भरलंय आणि धुणं त्याच कामाचा भाग होता, हा मुद्दा मांडायचा. म्हणून बिल जपून ठेवा.

बारीक रेघांसाठी आयोगापर्यंत जावं का, हा ज्याचा त्याचा हिशेब. नुकसान किती, फेऱ्या किती, हे बघूनच ठरवावं. पण इंजिनमध्ये पाणी जाऊन बिघाड झाला किंवा अलॉय व्हील तीव्र रसायनानं डागाळले, तर गप्प बसण्याचं कारण नाही.

आपल्याकडं गाडी आयुष्यात एक-दोनदाच होते. ती ऊस, कांदा, दूध यांच्या पैशातून, नाहीतर पाच-सात वर्षांच्या हप्त्यावर येते. पुढच्या सर्व्हिसिंगला जाताना खिशातला मोबाईल आधी बाहेर काढा, चावी त्यानंतर द्या.