दोन तबकड्या, एक पेटी : घ्यायची कोणती?



समजा, तुमच्या शाळेजवळच्या दुकानात दोन नवी पेनं आली. दोन्ही सुरेख लिहितात. पण एक पेन फक्त गणिताच्या वहीत उमटतं आणि दुसरं फक्त मराठीच्या! आणि बाबा म्हणतात, "एकच मिळेल. ठरव काय ते." काय कराल?

"असं कुठं असतं होय?" असं म्हणू नका. २००६ ते २००८ या काळात अमेरिका, जपान आणि युरोपातल्या कितीतरी घरांपुढे अगदी असाच पेच होता. फक्त पेनाच्या जागी होता सिनेमा पाहायचा प्लेअर. एकाचं नाव एचडी डीव्हीडी, दुसऱ्याचं ब्लू-रे. एकाची तबकडी दुसऱ्यात घातली तर चालायची नाही. आणि दिसायला? दोन्ही तबकड्या १२ सेंटिमीटर व्यासाच्या, चकचकीत, जुळ्या बहिणींसारख्या!

मग भांडण कशाचं होतं? त्यासाठी आधी रांगोळीकडे वळू या.

ठिपक्यांची रांगोळी तुम्ही पाहिली आहेच. ठिपके थोडे असले की मोर जाडाभरडा दिसतो. तेवढ्याच जागेत भरपूर ठिपके दिले की मोराचं पीस न् पीस काढता येतं. टीव्हीवरचं चित्रही ठिपक्यांचंच असतं. आपल्याकडच्या डीव्हीडीच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. नव्या 'हाय डेफिनिशन', म्हणजे एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८०. घ्या बरं कागद-पेन्सिल आणि करा गुणाकार! पहिलं उत्तर ४,१४,७२०. दुसरं २०,७३,६००. आता दुसऱ्याला पहिल्याने भागा. बरोब्बर पाच! पाचपट ठिपके, म्हणून चित्र इतकं रेखीव.

पण पाचपट ठिपके साठवायचे कुठे? एकपदरी डीव्हीडीत मावते ४.७ गिगाबाइट माहिती. तबकडी परातीएवढी मोठी करणं काही शहाणपणाचं नाही. मग उपाय एकच, अक्षर बारीक काढायचं! जाड मार्करने वहीच्या पानावर दहा ओळी मावतात, तर टोकदार पेन्सिलीने पन्नास.

तबकडीवरची 'अक्षरं' म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक खळगे. ते लेसरच्या किरणाने वाचले जातात. डीव्हीडीचा किरण तांबडा असतो. त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. (एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर!) निळसर-जांभळ्या किरणाची तरंगलांबी फक्त ४०५ नॅनोमीटर. तरंगलांबी कमी असली, की किरणाचं टोक जास्त बारीक करता येतं. अडचण एवढीच होती, की निळा प्रकाश देणारा अर्धवाहक बनवणं महाकठीण. जपानच्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइड या पदार्थावर वर्षानुवर्षं चिकाटीने काम केलं, तेव्हा कुठे निळा दिवा पेटला. २०१४ साली या तिघांना पदार्थविज्ञानाचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच पदार्थापासून पुढे निळा-जांभळा लेसरही तयार झाला.

आता गंमत ऐका. हा निळा किरण दोन्ही पक्षांनी घेतला! तरीही त्यांचं जमलं नाही. का बरं?

तोशिबा आणि एनईसी या कंपन्यांचं म्हणणं असं : "डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो. आपणही तो तिथंच ठेवू. म्हणजे डीव्हीडीच्या कारखान्यांत थोडेफार बदल करून नवी तबकडी काढता येईल. खर्च कमी!" ही झाली एचडी डीव्हीडी. एका पदरात १५ गिगाबाइट.

सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स वगैरे मंडळी म्हणाली : "तो थर अगदी वर आणू, फक्त ०.१ मिलिमीटर आत. भिंग जवळ आलं, की किरण आणखी बारीक होईल." हा झाला ब्लू-रे. एका पदरात २५ गिगाबाइट! पण त्यासाठी नवी यंत्रं हवीत. शिवाय थर इतका वर, म्हणजे ओरखड्यांची भीती. जपानमध्ये २००३ साली आलेल्या पहिल्या ब्लू-रे तबकड्या तर चक्क प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून विकाव्या लागल्या. पुढे त्यांच्यावर टणक लेप देण्याची युक्ती सापडली आणि डबी गेली.

म्हणजे बघा, एक स्वस्त आणि सोयीची, तर दुसरी जास्त पोटाची. चूक कुणाचीच नव्हती. १९९५ साली डीव्हीडीच्या वेळीही असेच दोन गट पडले होते. पण तेव्हा आयबीएमसारख्या संगणक कंपन्यांनी दोघांनाही दटावलं, "एकच काहीतरी ठरवा!" आणि एकच डीव्हीडी जन्माला आली. २००५ मध्ये पुन्हा बोलणी झाली. या वेळी मात्र ती फिसकटली.

२००६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या दुकानांत तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर आला. किंमत ४९९ डॉलर. जूनमध्ये सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर आला, ९९९ डॉलरला. म्हणजे दुप्पट! कुणीही म्हणेल, स्वस्त तो घ्यावा. पण थांबा. प्लेअर घेतला, आता सिनेमा कुठला पाहणार?

सिनेमे काढणाऱ्या कंपन्यांनीही बाजू निवडल्या होत्या. डिस्ने, फॉक्स आणि सोनी ब्लू-रेकडे. युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे. पॅरामाउंट आधी दोन्हीकडे होती, ती ऑगस्ट २००७ मध्ये एचडी डीव्हीडीकडे गेली. त्यामुळे २००७ च्या नोव्हेंबरात काय झालं माहीत आहे? स्वयंपाकी उंदराचा 'रॅटाटुई' आला फक्त ब्लू-रेवर आणि हिरव्या राक्षसाचा 'श्रेक द थर्ड' आला फक्त एचडी डीव्हीडीवर! ताईला उंदीर आवडतो आणि धाकट्याला श्रेक. आता आई-बाबांनी काय करावं? दोन्ही तबकड्या चालवणारा एक प्लेअर एलजीने काढला होता खरा, पण त्याची किंमत होती तब्बल १,१९९ डॉलर.

त्याच महिन्यात, २ नोव्हेंबर २००७ ला, वॉलमार्ट या दुकानांनी तोशिबाचा एक प्लेअर शंभर डॉलरच्याही आत विकायला काढला. लोकांनी उड्या टाकल्या. आणि मग ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या बड्या कंपनीने जाहीर केलं, "यापुढे आमचे सिनेमे फक्त ब्लू-रेवर." पारडं एकदम झुकलं. फेब्रुवारीत खुद्द वॉलमार्टनेही ब्लू-रेची बाजू घेतली. १९ फेब्रुवारीला तोशिबाने सांगून टाकलं, की एचडी डीव्हीडी आम्ही बंद करत आहोत.

ज्यांनी हौसेने पैसे साठवून ती पेटी घेतली होती, त्यांचं काय? पेटी बिघडली नव्हती. ती जुन्या डीव्हीडीही उत्तम दाखवायची. फक्त तिच्यासाठी नवे सिनेमे यायचे थांबले. बेस्ट बाय या दुकानांनी आपल्या अशा ग्राहकांना ५० डॉलरचं भेटकार्ड दिलं. बाकी नुकसान ज्याचं त्याने सोसलं.

आणि जिंकणाऱ्या बाजूचे सगळेच खूश होते, असं समजू नका हं. अगदी सुरुवातीच्या ब्लू-रे प्लेअरमध्ये काही सोयी नव्हत्या. पुढच्या तबकड्यांवरच्या जादा गमती त्यांच्यावर दिसायच्याच नाहीत. म्हणजे ९९९ डॉलर मोजूनही काम अर्धंच! घाई करणाऱ्याला दोन्हीकडे किंमत मोजावी लागली.

आता तुम्ही म्हणाल, "ही जुनी गोष्ट आम्हाला कशाला?" कारण असे पेच पुन्हा पुन्हा येतात. आज ब्लू-रेचंही राज्य ओसरलं आहे. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं. सिनेमे आता इंटरनेटवरून येतात आणि तिथेही तेच : एक मालिका या ॲपवर, दुसरी त्या ॲपवर! म्हणून घरात कुठलीही अशी वस्तू घ्यायची असेल, तर आई-बाबांच्या शेजारी बसून हे प्रश्न विचारा :

१. आपल्याला जे पाहायचं आहे, ते यावर मिळतं का? आधी सिनेमांची यादी करा, मग पेटी निवडा.

२. आपल्याकडच्या जुन्या तबकड्या यात चालतील का?

३. आपला टीव्ही तेवढे ठिपके दाखवतो का? जुन्या टीव्हीला एचडी प्लेअर जोडणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं!

४. तबकडी कुठल्या देशातली आहे? डीव्हीडीसाठी जगाचे सहा विभाग केले आहेत. अमेरिका पहिल्या विभागात, भारत पाचव्या. ब्लू-रेचे तीन : अमेरिका 'ए', भारत 'सी'. त्यामुळे अमेरिकेतल्या मावशीने प्रेमाने पाठवलेली तबकडी इथल्या प्लेअरवर हटून बसू शकते. मावशीला आधीच कळवा.

५. सहा महिने थांबलो तर बिघडेल का? पुष्कळदा याचं उत्तर 'नाही' असंच असतं.

आणि एक काम आजच करायचं. घरातल्या कपाटात आई-बाबांच्या लग्नाची किंवा तुमच्या बारशाची व्हिडिओ कॅसेट आहे का, ते बघा. सिनेमाची तबकडी बाद झाली तर दुसरी मिळते. बारसं काही पुन्हा होत नाही! जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं. चालू स्थितीतला व्हीसीआर दिवसेंदिवस दुर्मीळ होतो आहे. तेव्हा मोठ्यांच्या मागे लागा आणि कॅसेट संगणकावर उतरवून घ्या. तिच्या दोन प्रती करून वेगवेगळ्या जागी ठेवा.

करून पाहा : एक जुनी सीडी आणि एक जुनी डीव्हीडी घ्या. खोलीत थोडा अंधार करून दोन्हींवर टॉर्चचा प्रकाश पाडा आणि तबकड्या हळूहळू कलत्या करा. इंद्रधनुष्याचे रंग दिसतील. कुठल्या तबकडीवर रंग जास्त पसरतात? डीव्हीडीवर! कारण तिच्यावरच्या खळग्यांच्या ओळी अधिक दाटीने आहेत. (सूर्यप्रकाशात हा प्रयोग करू नका. झगमगाट डोळ्यांना बाधतो.)

डोकं चालवा : २ नोव्हेंबर २००७ ला कुणी एचडी डीव्हीडी प्लेअर घेतला आणि १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाची घोषणा झाली. मध्ये किती दिवस गेले? बोटांवर मोजा, कॅलेंडर बघायचं नाही!

(उत्तर : १०९ दिवस.)