लोकगीतांचे शिबिर आणि बोलीचा प्रश्न

गावोगावची भजनी मंडळे, महिला मंडळे आणि लोकगीतांची शिबिरे हौशी गायकांना घडवितात, हे स्वागतार्हच आहे. श्वास कोठे घ्यावा, ठेका कसा सांभाळावा, साथीदारांनी ध्रुपद कोठे उचलावे, हे शिकविता येते व शिकविलेच पाहिजे. परंतु ‘शुद्ध उच्चारा’च्या नावाखाली गीताची बोली बदलणे मला मान्य नाही.

वऱ्हाडीत ‘कोण’ हा शब्द ‘कोन’ असा उच्चारला जातो. म्हणूनच तेथे ‘कोन’ आणि ‘दोन’ यांचे यमक जुळते. गायिकेस ‘कोण’ म्हणावयास लावले, की उच्चार प्रमाण होतो. यमक मात्र मोडते. त्याहून मोठी हानी अशी, की ती आपली बोलीच सदोष मानू लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. हे धन घराघरांतील बोलींनीच जपले होते.

आपण उद्या अशा शिबिरात मार्गदर्शक झालात, तर प्रथम गीत गायकाच्या बोलीत जसेच्या तसे लिहून घ्या, यमकाच्या जागा तपासा आणि मगच सुरातालाविषयी सूचना करा.