दिंडी दरवाजा

मंडळी, नवापूरचं रेल्वे स्टेशन तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातेत. बाकावरही सीमारेषा आखलेली! १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, पण आमच्या भागातल्या सोयरिकी रेघ बघून ठरत नाहीत. माझी थोरली बहीण, अक्का, व्याऱ्याला दिलेली.

एप्रिल २०२० मध्ये अक्का गेली. सकाळी फोन आला तसे मी आणि मुलगा गाडीने नाक्यावर पोचलो. रस्त्यात अडथळे, बंदोबस्त. तिथला पोलीस उद्धट नव्हता. त्याने मला सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "काका, पासशिवाय नाही सोडता येत." पास मोबाईलवरून मागवायचा होता. उत्तर येण्याआधीच तिकडे अग्नी दिल्याचा फोन आला.

पहाराच नको, असं माझं म्हणणं नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हाही बंदोबस्त होता आणि तो हवाच होता. २०२० ची भीतीही खोटी नव्हती.

पण वर्गात मी हिरकणीची गोष्ट वर्षानुवर्षं शिकवली. रायगडाचे दरवाजे सायंकाळी बंद झाले, पहारेकऱ्याने नियम सोडला नाही, आणि तान्ह्या बाळासाठी ती कडा उतरून गेली. तात्पर्य कायम एकच सांगितलं, आईची माया. पहारेकऱ्याने काय करायला हवं होतं, हे ना मुलांनी विचारलं, ना मला सुचलं.

जुन्या वाड्यांच्या, किल्ल्यांच्या मोठ्या दरवाजात एक छोटा दिंडी दरवाजा असे. वाकून, एकेकाने जायचं. येणाऱ्याचं तोंड पहारेकऱ्याला दिसायचं. मोठा दरवाजा बंद राहूनही माणसाची अडचण भागायची. माझं मत एवढंच, की नाका कितीही कडक असो, त्याला अशी दिंडी हवी. मयत, बाळंतपण, आजारपण यांसाठी तिथल्या तिथे निर्णय घेणारा एक अधिकारी. नाव लिहा, परतायची वेळ लिहा, पण सोडा.

त्या दिवशी अडथळ्यापलीकडे ऊसतोडीहून परतणारी कुटुंबं उन्हात उभी होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. मला निदान 'काका' म्हणून खुर्ची तरी मिळाली होती.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.