आजी चिडत नाहीये, सांगतेय!

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस दिवसभर बरं असतं आणि संध्याकाळी बिथरतं का? मग हा कॉलम तुमच्यासाठी.

माझ्या आजीला डिमेन्शिया आहे. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सावेडीत आमचा फ्लॅट. ऊन कललं की तिच्या येरझाऱ्या सुरू. आधी पदराचं टोक पिळणं, मग तोच प्रश्न दहादा, मग दाराची कडी. "मला घरी जाऊ दे. म्हशीची धार काढायचीय!" पाथर्डीकडची वस्ती सोडून वीस वर्षं झालीत. हे पटवायला गेलं की ती हात उगारते. शेजारी म्हणतात, म्हातारी हट्टी झालीय.

हट्ट नाही, बॉस. डॉक्टरांच्या भाषेत हे अ‍ॅजिटेशन. संध्याकाळी वाढतं म्हणून सनडाउनिंग. दिवसभराचा थकवा, कमी उजेड, शरीराचं बिघडलेलं घड्याळ अशी कारणं त्यामागे असतात. आणि बऱ्याचदा एखादी साधी गोष्ट खुपत असते, पण ती सांगायला आजीकडे आता शब्द नसतात.

म्हणून आमच्या फ्रिजवर एक चेकलिस्ट आहे. भूक? तहान? बाथरूम? पोट साफ? गुडघा? टीव्ही मोठा? पाहुण्यांची गर्दी? चष्मा कुठेय?

दुसरा फंडा, वाद घालायचा नाही. "म्हशी कधीच विकल्या" असं म्हणण्याऐवजी मी शेजारी बसून हळूच विचारते, "किती दूध द्यायची गं ती?" मग गोठ्याच्या गप्पा निघतात. पाचलाच सगळे लाइट लावायचे, दुपारनंतर चहा बंद, आणि तिच्यापुढे शेंगा सोलायला ठेवायच्या. रोज जमतं असं नाही. हात उगारला, तर धरून ठेवायचं नाही. दोन पावलं मागे व्हायचं, थोडं थांबायचं.

मात्र माणूस एक-दोन दिवसांत अचानक बदललं, तर 'वयच झालं' म्हणून सोडू नका. लघवीचं इन्फेक्शन, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध, काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि कुणाच्या तरी सल्ल्याने शांत करणाऱ्या गोळ्या सुरू करू नका. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये अँटीसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच दिलाय.

2023 मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे तुम्ही एकटे नाही. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन 14567 आहे. सांभाळणाऱ्याचाच धीर सुटत असेल, तर टेली-मानस 14416.

आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार ती संध्याकाळ आई एकटी काढते. म्हणून शनिवार-रविवारी पाच ते आठची शिफ्ट माझी. आईने तेवढ्या वेळात देवळात जावं, मैत्रिणीकडे जावं, नाहीतर नुसतं झोपावं. तुमच्या घरी ही शिफ्ट कोण करतं? आज रात्री फोन करून विचारा.