खोक्यात आलेल्या गाडीचा शेवटचा बोल्ट कोण कसणार?

यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगाने आहेत. अमेरिकेतल्या एखाद्या घरासमोर ट्रक थांबतो, लोखंडी चौकटीत आवळलेला भलामोठा खोका उतरतो आणि घरमालक पाने घेऊन बसतो. पुढचं चाक, हँडल, मडगार्ड, आरसे, बॅटरी बसवून संध्याकाळपर्यंत मोटरसायकल उभी. या गाड्या बहुतेक चिनी बनावटीच्या, १२५ ते २५० सीसीच्या, ऑनलाइन मागवलेल्या. शोरूमचा खर्च वाचतो म्हणून स्वस्त. दिंडोरीत बसून हे बघणाऱ्याला वाटतंच, आपल्याकडे असं का होत नाही?

पेट्रोलच्या बाइकबाबत उत्तर सोपं आहे, कायदा होऊ देत नाही. पण खोका आपल्या दारात दुसऱ्या वाटेने येतोय. कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटर आणि ई-सायकली ऑनलाइन मागवल्या की अर्धवट जोडलेल्या अवस्थेत घरपोच मिळतात. उरलेली जोडणी ग्राहकाने करायची. आणि ती नीट झाली की नाही, यावर कोणाचीही सही नसते. माझा आक्षेप त्या नसलेल्या सहीवर आहे.

शोरूमच्या मागच्या शेडमध्ये काय होतं?

नवी बाइक कंपनीतून शोरूमला पोहोचते तेव्हाही ती पूर्ण तयार नसते. आरसे, साडी गार्ड असे सुटे भाग वेगळे बांधलेले असतात, बॅटरीची जोडणी बाकी असते. शेडमधला फिटर ते बसवतो, टायरमधली हवा, चेनचा ताण, ब्रेक, दिवे, ऑइल बघतो आणि एका तक्त्यावर खुणा करून सही करतो. याला पीडीआय म्हणतात, म्हणजे ताबा देण्याआधीची तपासणी. गाडीला हार घालून पेढे वाटतानाच्या फोटोत हा माणूस नसतो.

(जाता जाता, साडी गार्ड ही हौसेची ॲक्सेसरी नाही. मागे बसणाऱ्यासाठी धरायची पट्टी, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे बंधनकारक आहे. बिलात ते वेगळं लावलं तर विचारा.)

मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ सांगतं की नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ४१ आणखी पुढे गेलं. राज्यातल्याच डीलरकडून घेतलेल्या नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा आणि नंबर लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही. अर्जाबरोबर डीलरचं विक्री प्रमाणपत्र लागतं, तो फॉर्म २१. शिवाय गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे असा निर्मात्याचा दाखला लागतो, तो फॉर्म २२. म्हणजे दिंडोरीच्या माणसाच्या बाइकवर एमएच १५ चढेपर्यंत दोन जणांनी लेखी जबाबदारी घेतलेली असते. कागदपत्रांचा कितीही कंटाळा आला तरी या दोन कागदांचं मोल मोठं आहे.

मग खोका कोणत्या दाराने आला?

त्याच नियमांतल्या नियम २(यू) मधून. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती गाडी कायद्याच्या भाषेत मोटार वाहनच नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही, विमा सक्तीचा नाही. अट एवढीच की अधिकृत चाचणी संस्थेने त्या मॉडेलला मान्यता दिलेली हवी. अशा दोन संस्था आपल्याच राज्यात आहेत, पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई.

ही सवलत चांगलीच आहे. शाळा-कॉलेजची मुलं, शेतावर ये-जा करणारे, दुकानदार यांना स्वस्त वाहन मिळतं. पण नोंदणी गेली तिच्याबरोबर डीलरची सहीही गेली. चाचणी झाली ती नमुन्याच्या गाडीची, जी जाणकारांनी जोडलेली होती. तुमच्या ओट्यावर तुम्ही जोडलेली गाडी कोणीच तपासलेली नाही.

काही विक्रेते याच गाड्यांचा वेग वाढवून देतात. तसं केलं की ती पुन्हा मोटार वाहन ठरते, तीही विनानोंदणी, विनाविमा. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती.

‘घट्ट’ म्हणजे किती घट्ट?

इथे थोडं इंजिनिअरिंग सहन करा. बोल्ट कसताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांना धरून राहतात. कमी कसला तर खड्ड्याखड्ड्याला ढिला होतो. जास्त कसला तर आटे जातात किंवा बोल्ट तुटायच्या बेताला येतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टसाठी टॉर्कचा आकडा ठरलेला असतो, न्यूटन-मीटरमध्ये. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलो वजनाइतका जोर लावला की साधारण २५ न्यूटन-मीटर होतात. आता खोक्यासोबत येणारा वीतभर पाना आठवा. तोच पाना द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्या हाताने आवळला आणि कॉलेजातल्या पोराने आवळला, तर दोन्ही वेळा ‘घट्ट’ वाटेल, पण आकडे कुठल्या कुठे असतील. टॉर्क रेंच हे त्यावरचं साधन आहे. ठरलेल्या आकड्याला ते कट्ट आवाज करून थांबायला सांगतं. आपल्यापैकी किती घरांत ते असेल?

सगळे बोल्ट सारखे नसतात. आरसा ढिला राहिला तर तो फिरेल, एवढंच. पुढच्या चाकाचा आस, हँडलची पकड आणि ब्रेक, या तीन ठिकाणी मात्र चुकीला माफी नाही. आणि खोक्यातल्या गाडीत ग्राहकाला जोडायला उरतात ते बहुतेक हेच भाग, कारण खोका आटोपशीर करायचा तर पुढचं चाक आणि हँडलच काढावं लागतं. म्हणजे सोपं काम कारखान्यात आणि नाजूक काम ओट्यावर, अशी उलटी वाटणी होते.

ताशी २५ किलोमीटर हा वेग ऐकायला किरकोळ वाटतो. तरी सेकंदाला जवळपास ७ मीटर होतात. नाशिक-दिंडोरी रस्त्यावर द्राक्षांचे, टोमॅटोचे पिकअप आणि वणीच्या गडाकडे निघालेल्या गाड्या यांच्यामध्ये हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे वळलं, तर २५ चा वेग पुरेसा आहे.

खोका ही महाराष्ट्राला नवी गोष्टही नाही. बजाजच्या बॉक्सर मोटरसायकली वर्षानुवर्षं इथून सुट्या भागांत आफ्रिकेला जातात, तिथे जोडल्या जातात आणि नायजेरियात ओकाडा, युगांडात बोडा-बोडा म्हणून प्रवासी वाहतात. अर्थसंकल्पात आयात शुल्काच्या बातम्यांत दिसणारा ‘सीकेडी’ हा शब्द याच प्रकारचा, सुट्या भागांत येऊन देशात जोडली जाणारी गाडी. २०२५ मध्ये अशा मोटरसायकलींवरचं शुल्क १५ वरून १० टक्के झालं. पण हा सगळा व्यवहार कंपन्यांमधला. जोडणाऱ्याचं ते रोजचं काम असतं, साधनं असतात, वर तपासणारा असतो. घरच्या ओट्यावर यातलं काहीच नाही.

अपघात झाला तर?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनाच्या दोषाची जबाबदारी वाटून दिलेली आहे. कलम ८६ नुसार विक्रेत्याने जोडणी, तपासणी किंवा देखभाल करताना वाजवी काळजी घेतली नाही आणि त्यातून इजा झाली, तर तो जबाबदार. कलम ८४ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत, तर निर्माता जबाबदार. वाचायला छान आहे. मात्र खोका घरी आला की विक्रेता म्हणू शकतो, ‘जोडणी मी केलीच नाही.’ निर्माता पुस्तिकेकडे बोट दाखवतो. कलम ८७ मध्ये गैरवापर किंवा फेरफार झाला असेल तर विक्रेत्याला बचावही आहे. उरतो तो पाना हातात घेतलेला माणूस.

माझ्या मते जोडणी हा विक्रीचाच भाग धरला पाहिजे. ज्या पिनकोडवर गाडी पोहोचवता, त्या पिनकोडवर फिटर पाठवा. ते परवडत नसेल तर तालुक्यातल्या एखाद्या गॅरेजला जोडणीचे पैसे द्या आणि त्याच्या सहीचा तपासणी तक्ता ग्राहकाला द्या. दिंडोरीत, वणीत दुचाकी दुरुस्त करणारे कुशल हात आहेत. ऑनलाइन विक्रीमुळे त्यांचा धंदा घटेल अशी भीती असेल, तर हे काम त्यांच्याकडे येऊ शकतं. आणि पुस्तिका मराठीत हवी, टॉर्कच्या आकड्यांसह. ‘नीट घट्ट करा’ ही सूचना झाली असं मी मानत नाही. यामुळे गाडीची किंमत थोडी वाढेल, हे खरं. वाढू दे.

‘लोक सायकली घरी जोडतातच की’ हा युक्तिवाद ऐकू येतो. जोडतात. पण सायकलला मोटर आणि जड बॅटरी नसते, आणि ती दोन माणसं बसवून विकली जात नाही.

तोवर खोका आलाच, तर तो उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. मॉडेलच्या मान्यतेचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचं मॉडेल गाडीवरच्या नावाशी ताडून बघा. बॅटरीची जोडणी सगळ्यात शेवटी करा. पुढचं चाक, हँडल आणि ब्रेक ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या, त्याची पावती घ्या. पहिले काही दिवस चालवल्यावर हेच तीन भाग पुन्हा बघायला लावा, कारण नवे बोल्ट सुरुवातीला बसके होतात. काही बिघडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला विक्रेत्याच्या शहरात जावं लागत नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच ती करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीची फी नाही. खोका मात्र वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका. गाडी परत पाठवायची वेळ आली तर विक्रेता पहिल्यांदा तोच मागतो.